माकडांचे साहेब

सरकारी ऑफिसात फाइली क्लोज होतात, किस्से काही क्लोज होत नाहीत! मी रिटायर झालो त्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या, रबरी शिक्के, मोजपट्टी, वजनकाटा, सगळं सही घेऊन परत केलं. किस्से कुणी मागितलेच नाहीत. ते माझ्याकडेच राहिले. आता फणसवाडीत संध्याकाळी गॅलरीत चार माणसं बसली की कुणीतरी म्हणतंच, "सामंत, सांगा हो तुमच्या माकडांचं." एक सांगायला घ्यावा, तर त्याची शेपटी धरून दुसरा हजर!

आमचं काम काय होतं ते आधी सांगतो. सालं ती संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीची. परदेशात जाणारे आणि परदेशातून येणारे जंगली प्राणी, पक्षी, कातडी, पिसं हे सगळं आम्ही बंदरावर आणि व्यापाऱ्यांच्या गोदामांत जाऊन तपासायचो. लायसन्स बघायचं, पिंजरे बघायचे, जनावर धडधाकट आहे ना ते बघायचं. माकडांना तर तेव्हा फार मागणी. परदेशात औषधं आणि लसी तयार करणाऱ्यांना ती लागत. उत्तरेकडून रेल्वेनं मुंबईत येत आणि इथून बोटीनं नाहीतर विमानानं पुढे जात. मी सुपरवायझर. हाताखाली तीन इन्स्पेक्टर, आणि एक टायपिस्ट, लिमयेबाई. एवढीच आमची फौज.

वाडीतल्या पोरांनी माझं नाव ठेवलं होतं 'माकडांचे साहेब'. आमच्या हिला पहिल्यांदा वाईट वाटायचं. मला नाही वाटलं कधी. का नाही, ते ऐका.

* * *

तिघांतला परब लालबागचा. मूळ मालवणकडचा, वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे. साप, अजगर, घोरपडी, जे जे सरपटतं ते ते परबकडे. त्याचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांना कुणीतरी सांगितलं, मुलगा सरकारी नोकरीत आहे खरा, पण सापांत काम करतो.

एका दुपारी मुलीचे वडील न सांगता ऑफिसात आले. चिंचपोकळीला राहणारे, धोतर, काळी टोपी, हातात छत्री. "परब कुठे बसतात?"

मी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. परब तिथे एका टोपलीत खांद्यापर्यंत हात घालून बसला होता. टोपलीत अजगर. त्याची लांबी मोजायची होती आणि मोजायला दुसरं माणूस नव्हतं. दारात कुणीतरी उभं आहे एवढंच त्याला दिसलं. तो वर न बघता ओरडला, "मामा, जरा शेपटीकडनं धरा हो! घट्ट धरा!"

आणि मामांनी धरली! छत्री टाकून दोन्ही हातांनी धरली. परबनं लांबी मोजली, वहीत लिहिली, अजगर परत टोपलीत घातला, झाकण बांधलं आणि मग मान वर केली. समोर होणारे सासरे! बिचारा पांढराफटक पडला.

मी मामांना खुर्ची दिली, पाणी दिलं. नोकरी पर्मनंट आहे, पेन्शन आहे वगैरे सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "ते सगळं ठाऊक आहे हो साहेब. लोक म्हणाले, मुलाची दोन बोटं सापानं खाल्लीत. म्हणून बोटं मोजायला आलो होतो."

"मग? आहेत ना दहा?"

"त्याची दहाच्या दहा आहेत," मामा म्हणाले. "थांबा, आता माझी मोजू द्या!"

लग्न झालं. जेवणावळीत मामा प्रत्येक पंगतीला सांगत होते की आमच्या जावयाच्या हाताखाली मीही एक दिवस काम केलंय.

* * *

ह्याच परबचं आणखी एक. घोरपडीच्या कातड्याचे पट्टे, पर्सेस परदेशात खपायचे. नियम असा की अमुक लांबीपेक्षा लहान कातडं पाठवायचं नाही, म्हणजे पिल्लं मारली जाणार नाहीत. एका शेठनं गठ्ठे पाठवले. वरची चार कातडी मोठी, खाली सगळी वीतभर. परबनं गठ्ठा सोडला, एकेक कातडं जमिनीवर पसरलं आणि पूर्ण माल अडवला.

शेठ आला. आधी गोड बोलला, मग चिडला. "अरे साब, एवढं काय त्यात? आहे काय ते? एक सरडा तर आहे!"

परब रागावला की मालवणीवर जायचा. पण त्या दिवशी अगदी शुद्ध बोलला. "शेठ, सरडा नाही, घोरपड. हिच्या आजीनं सिंहगड चढवलाय आम्हाला. आमच्या इतिहासात हिला नाव आहे. तुमच्याकडे नुसता भाव आहे!"

शेठला सिंहगड काय कळला असेल देव जाणे. पण गोदामातले हमाल होते सगळे घाटावरचे. त्यांनी ते ऐकलं. शेठ म्हणाला, "चला, गठ्ठे परत उचला, दुसऱ्या ऑफिसरला दाखवू." एकही हमाल जागचा हलला नाही! त्यांचा मुकादम फक्त एवढंच म्हणाला, "शेठ, हे नाही उचलायचं आम्ही."

माल तिथेच जप्त झाला. मी पंचनाम्यावर सही करायला गेलो तेव्हा पंच म्हणून तीन हमाल आधीच रांगेत उभे होते.

* * *

दुसरा परेरा. खोताच्या वाडीतला. आम्हा सगळ्यांत वयानं मोठा, म्हणून त्याला सगळे 'परेरा अंकल'. मीसुद्धा! घराच्या लाकडी व्हरांड्यात त्याच्याकडे तीन पिढ्यांपासून कॅनरी पाळलेल्या. पक्ष्यांचं खातं त्याच्याकडे.

रानातल्या मुनिया विणीच्या दिवसांत बाहेर पाठवायला बंदी होती. एका व्यापाऱ्यानं नेमक्या त्याच दिवसांत पाच पिंजरे आणले. कागदावर लिहिलेलं, 'विलायती कॅनरी'. बघितलं तर खरोखर पिवळेधम्मक पक्षी. मी तर सही करायला पेन काढलं होतं.

परेरा म्हणाला, "थांबा साहेब." खुर्ची घेऊन पिंजऱ्यासमोर बसला आणि शीळ घालायला लागला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एक पक्षी उत्तर देईल तर शपथ. परेरा माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, माझ्या घरची कॅनरी शेजारणीच्या शिट्टीलापण जवाब देते. ही सगळी मुकी कशी?"

व्यापारी म्हणाला, "प्रवासानं थकलीत."

"हां, थकलीत. गरमीपण लय आहे," परेरा म्हणाला. शिपायाला सांगून त्यानं पाच बशा पाणी मागवलं आणि पिंजऱ्यात ठेवलं. मुंबईचा उन्हाळा! पक्ष्यांनी पाणी बघितलं मात्र, सगळे एकमेकांना ढकलत बशीत उतरले. फडफडाट झाला, पंख झटकले गेले, आणि बघता बघता पाचही बशांतलं पाणी हळदीसारखं पिवळं झालं. पक्षी मात्र निघाले तपकिरी!

व्यापाऱ्यानं एकदा बशीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "साहेब, कावीळ झाली असेल!"

परेरा अंकलनी बशी उचलून त्याच्यापुढे धरली. "मग आता बरी झाली ना? सोडून देऊ या!"

* * *

तिसरा कांबळे. ह्याच्याबद्दल बोलताना माझी छाती अजून फुगते, त्याला इलाज नाही.

परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत राहून ह्यानं प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केली होती. अभ्यास जिन्यात बसून. नोकरीला लागला त्याच सुमारास घरच्या सगळ्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. बोलणं कमी, अक्षर मोत्यासारखं, आणि नियमाचं पुस्तक तोंडपाठ.

एका मोठ्या निर्यातदाराकडे माकडांचे नवे पिंजरे तपासायचे होते. आम्ही दोघं गेलो. निर्यातदाराच्या मॅनेजरनं कांबळेचं नाव विचारलं. ऐकल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "साहेब, दुसरे कोणी अधिकारी नाहीत का पाठवायला?"

का विचारतोय ते मला कळलं. कांबळेलाही कळलं. तो मोजपट्टी उलगडत राहिला.

मी म्हणालो, "आहेत ना. पण ते अजून ह्यांच्याकडून काम शिकताहेत. आणि मीसुद्धा!"

कांबळेनं पिंजऱ्याची लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची घेतली आणि म्हणाला, "उंची कमी आहे. माकडाला सरळ उभं राहता येणार नाही."

"नियमात उंची कुठे लिहिली आहे?" मॅनेजर म्हणाला. "'पुरेशी' एवढंच लिहिलंय. माकड काय, बसूनच असतं. पुरेशी आहे."

त्याचंही बरोबर होतं. नियमात 'पुरेशी' एवढाच शब्द होता. कांबळेनं क्षणभर विचार केला. बूट काढले. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. आणि दहा माकडांचा तो मोठा पिंजरा होता, त्याचं दार उघडून स्वतः आत शिरला! गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसला आणि म्हणाला, "साहेब, घड्याळ लावा. रेल्वेत आणि बोटीत मिळून माकडं किती दिवस बसतात ते मला माहीत आहे. मी एक तास बसतो."

मॅनेजर म्हणाला, "अहो, हे काय! बाहेर या!" कांबळे येईना. गोदामातले कामगार जमले. तासाभरानं तो बाहेर आला तेव्हा त्याला सरळ उभं राहता येईना. दोघांनी धरून उभा केला. तशाच वाकलेल्या मानेनं त्यानं रिपोर्ट लिहिला: 'तपासनीस स्वतः एक तास आत बसला. मान अद्याप वर होत नाही. उंची पुरेशी नाही.'

वरच्या ऑफिसातून शेरा आला की रिपोर्टची भाषा नियमाला धरून नाही. मी तो शेरा फाइलला लावून ठेवला. पण पुढच्या पावसाळ्याआधी नवं परिपत्रक निघालं, आणि त्यात 'पुरेशी' हा शब्द जाऊन फुटात आणि इंचात उंची आली. ती उंची कुठून आली असेल? आमच्या कांबळेच्या मानेतून आली!

* * *

आता लिमयेबाईंचं. बाई गिरगावातल्या. नऊवारी, अंबाडा, आणि टायपिंगचा वेग असा की मशीनमधून मशीनगनसारखा आवाज यावा. सरकारी नोकरांनी चळवळीत भाग घ्यायचा नाही असा सक्त हुकूम होता. बाई तो पाळायच्या. मोर्चा रस्त्यानं चालला की फक्त उठून खिडकी उघडायच्या. "उकडतंय," म्हणायच्या. थंडीतसुद्धा!

एका परदेशी बाईनं आफ्रिकेतून एक राखाडी पोपट आणला होता. कागदपत्रं अपुरी, म्हणून पोपट काही आठवडे आमच्या ताब्यात. त्याचा पिंजरा टांगला होता त्याच खिडकीत. त्या महिन्यात मोर्चे तर रोजचेच.

अशात दिल्लीहून एक वरिष्ठ अधिकारी तपासणीला आले. करडे गृहस्थ. मराठीचा गंध नाही. टेबलाशी बसून त्यांनी इंग्रजीतून पहिला प्रश्न विचारला, "मागच्या तिमाहीचं काम पूर्ण झालंय का?"

मी तोंड उघडायच्या आत खिडकीतून खणखणीत आवाज आला, "झालाच पाहिजे!"

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. "कोण बोललं?"

"पोपट, सर."

"काय म्हणाला?"

मी चाचरत म्हणालो, "काम पूर्ण व्हायलाच हवं असं म्हणाला, सर."

साहेब खूष झाले! पुढचा प्रश्न. "स्टाफ पुरेसा आहे का?" पोपट म्हणाला, "मुंबईसह!" आता परब तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाला. साहेबांना संशय आला. त्यांनी त्यांच्याबरोबरच्या क्लार्ककडून अर्थ काढून घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "मिस्टर सामंत, ही राजकीय घोषणा आहे. सरकारी ऑफिसात! ह्याला हे कोणी शिकवलं?"

लिमयेबाईंचं मशीन थांबलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. एवढी अक्कल मला होती.

मी म्हणालो, "सर, तो परदेशी नागरिक आहे. कागदपत्रंसुद्धा अजून पूर्ण नाहीत. त्याला आपले सर्व्हिस रूल लागू होत नाहीत!"

साहेबांनी खिडकीकडे बघितलं. "देन क्लिअर हिम," म्हणाले, "बिफोर ही फॉर्म्स अ युनियन!"

पोपट त्या आठवड्यात मालकिणीकडे गेला. लिमयेबाईंनी खिडकी लावून घेतली. म्हणाल्या, "आता तेवढं उकडत नाही."

* * *

सगळे दिवस असे हसण्याचे नव्हते. एका हरताळाच्या दिवशी शहरात गोळीबार झाला होता, संचारबंदी लागली होती. ट्राम बंद, बस बंद, दुकानं बंद. आणि चिंचपोकळीच्या एका गोदामात आदल्या दिवशी दीडशे माकडं येऊन पडलेली. पाणी भरणारी माणसं आलीच नाहीत. नळ सकाळी येतो, येऊन गेला. उन्हाळ्याचे दिवस, वर पत्रा.

मी ओळखपत्र हातात उंच धरून फणसवाडीहून चालत निघालो. चार ठिकाणी पोलिसांनी अडवलं. पोचलो तर परब आणि कांबळे माझ्याआधी हजर! कुलूप त्यांनीच तोडलं होतं. म्हणाले, "साहेब, मेमो द्यायचा तर उद्या द्या."

आत माकडं ओरडतसुद्धा नव्हती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. तोंडं उघडी टाकून पिंजऱ्यात आडवी झालेली. शेजारच्या चाळीतल्या बायकांनी आपल्या घरचं साठवलेलं पाणी दिलं, चार हंडे. भिंतीवरून हातोहात दिलं, कारण रस्त्यावर यायची बंदी. त्यांची स्वतःची पोरं त्या दिवशी काय प्यायली असतील कोण जाणे. पण दीडशे जणांत चार हंडे किती पुरणार?

कांबळेनं खिशातला पांढरा रुमाल काढला, तो हलवत नाक्यावरच्या पोलीस गाडीपर्यंत एकटा चालत गेला. बंदुका त्याच्याकडे वळलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या. पोलीस इन्स्पेक्टरला तो म्हणाला, "साहेब, त्या गोदामात दीडशे जण अडकलेत. लहान-मोठे. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. आता मरायला लागतील."

"दीडशे? आणि गोदामात कोंडलं कोणी?"

"कंत्राटदारानं. परदेशात पाठवणार होता."

इन्स्पेक्टर हादरला. वायरलेसवर बोलला. अर्ध्या तासात पाण्याची गाडी आली! इन्स्पेक्टर स्वतः पुढे. दार उघडलं, आत आला, आणि जागीच थबकला.

"ही माकडं आहेत," तो म्हणाला.

"हो, साहेब."

"तुम्ही 'जण' म्हणालात!"

"मग काय म्हणू, साहेब?" कांबळे म्हणाला. "कागदावर 'नग' लिहिलंय. दीडशे नग म्हटलं असतं, तर गाडी आली असती?"

इन्स्पेक्टरनं टोपी काढून घाम पुसला. एका पिंजऱ्यातून एक हात बाहेर आला होता, तो त्याच्या पट्ट्यापर्यंत पोचत होता. त्यानं तो हात झटकला नाही. मागे वळून ओरडला, "बघताय काय? नळी आत घ्या!"

एकशे सत्तेचाळीस वाचली. गाडीत पाणी उरलं. परबनं भिंतीपलीकडे हाक मारली तसे चाळीतून हंडे, बादल्या, कळश्या भिंतीवर दिसायला लागल्या. इन्स्पेक्टरनं विचारलं, "हे कोण आता?"

मी म्हणालो, "ह्यांनी सकाळी आपल्या पोरांच्या तोंडचं पाणी दिलं, साहेब."

"मग त्यांना आधी द्यायला नको होतं का?" तो म्हणाला, आणि पहिला हंडा त्यानं स्वतः नळीखाली धरला.

* * *

आणि हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

परळच्या एका गोदामातून माकडांचा मोठा लॉट जायचा होता. निर्यातदाराची पोच फार वरपर्यंत. सकाळपासून मला ऑफिसात तीन फोन: "सामंत, बोट उद्या आहे. आज क्लिअर करा." तिसऱ्या फोनवर माझ्या बदलीचा विषयही निघाला.

नियम असा होता की पाजणारी मादी आणि तिचं पिल्लू पाठवायचं नाही. मी परब आणि परेराला घेऊन गोदामात पोचलो तेव्हा कांबळेनं अकरा माद्या वेगवेगळ्या पिंजऱ्यांत काढून ठेवल्या होत्या. म्हणाला, "साहेब, अकराही जणींना दूध आहे."

निर्यातदार शांत होता. "असेल. पण पिल्लं कुठे आहेत? पिल्लू नाही तर ती पाजणारी कशी? तुमच्या नियमात 'पिल्लासह' लिहिलंय. वाचा."

नियमात तसंच लिहिलं होतं. त्या अकराजणी पिंजऱ्यांत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. केळी टाकलेली, तशीच पडलेली.

तेवढ्यात परेरा अंकलनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कान भिंतीला लावला. "चिवचिव येतेय," तो म्हणाला. "पण पक्षी नाही हा."

भिंतीपलीकडे एक कुलूपबंद खोली होती. निर्यातदार म्हणाला, ती दुसऱ्याची आहे, तिथे गोणपाट ठेवतात. मी म्हणालो, "मग गोणपाट बघू." कुलूप परबनं काढलं. आत खरंच गोणपाट होतं. आणि गोणपाटाखाली एक टोपली. टोपलीत एकमेकांना बिलगलेली पिल्लं, मुठीएवढी. परबनं मोजली. नऊ.

"ही मी दुसरीकडून घेतलीत," निर्यातदार म्हणाला. "ह्यांचा त्यांचा काही संबंध नाही. संबंध आहे हे सिद्ध करा."

कांबळेनं टोपली उचलली. एक पिल्लू हातात घेतलं आणि पिंजऱ्यांसमोरून सावकाश चालायला लागला. पहिला पिंजरा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्यातली भिंतीकडे तोंड करून बसलेली मादी गर्रकन वळली. गजांतून दोन्ही हात बाहेर काढले. ओरडली नाही, नुसते हात पुढे धरले. कांबळेनं पिंजऱ्याचं दार किलकिलं करून पिल्लू तिच्या हातात दिलं. तिनं त्याला पोटाशी घेतलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली. ह्या वेळी पिल्लाला आमच्यापासून झाकायला.

दुसरं पिल्लू. तिसरं. प्रत्येकाला बरोबर एकच पिंजरा. हमाल काम सोडून उभे होते. निर्यातदाराचा मॅनेजर बाहेर निघून गेला. नऊ पिल्लं नऊ जागी गेली. शेवटी दोन पिंजरे राहिले. त्या दोघी गजांशी येऊन हात काढून बसल्या होत्या. कांबळे त्यांच्यासमोर गेला, खाली बसला आणि रिकामी टोपली आडवी करून त्यांना दाखवली. एकीनं टोपलीत हात घालून तळ चाचपला. मग दुसरीनं.

आता गोदामातला फोन वाजला. मीच घेतला. "सामंत, सही झाली का?"

"करतोय, सर," मी म्हणालो. आणि लॉट रोखल्याच्या कागदावर सही केली. सगळी माकडं आली त्याच वाटेनं परत गेली, रानात. माझी बदली झाली नाही. का नाही झाली, मला कधी कळलं नाही.

पण सांगायचंय ते त्या दुपारचं. ऑफिसात परतलो. तक्रारीचा छापील फॉर्म लिमयेबाईंनी मशीनमध्ये चढवला. कांबळे शेजारी उभा राहून सांगत होता, बाई टाइप करत होत्या. जागा, तारीख, लायसन्स नंबर.

"तक्रारदार?" बाईंनी विचारलं. "कोणाचं नाव घालू?"

"आई," कांबळे म्हणाला.

बाईंनी वर बघितलं नाही. टाइप केलं. पुढचा कॉलम. "संख्या?"

"अकरा."